वाई-पाचगणीच्या घाटासाठी छोटी टर्बो: कोणती घ्यावी आणि घेतल्यावर काय बदलावं?

वाईचा_वाटाड्या

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

सध्या साधी १.२ पेट्रोल स्विफ्ट आहे, ती ताईकडे जाणार. रोजचं येणंजाणं वाई ते सातारा. सुट्टीला पसरणी घाट चढून पाचगणी, लहर आली तर महाबळेश्वरवरून आंबेनळी उतरून पोलादपूर. बजेट नऊ लाख, त्यातला एक लाख गाडी घेतल्यावर तिच्यावर उडवायला राखून ठेवलाय. म्हणजे गाडी आठात बसवायची. जुनी चालेल. क्लच पायाखाली हवा, यावर तडजोड नाही. घरून "ऑटोमॅटिक घे" असा लकडा लागलाय, त्यांना मी बघून घेतो.

डोक्यात असलेल्या गाड्या: पोलो जीटी टीएसआय, पुंटो अबार्थ, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर, फ्रॉन्क्स १.० टर्बो. सिट्रोएन सी३ टर्बोचं नाव एका मित्राने घुसडलंय.

पुढे मॅप करून घ्यायचा (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवायचा) विचार पक्का आहे. एक ओळखीचे म्हणाले, स्टेज १ मारली की यातली कुठलीही गाडी दीडशे घोड्यांना टेकते. खरं काय?

जुना_गिअर

आधी तुझ्या यादीतल्या इंजिनांचे सीसी एकाखाली एक लिही. पोलो जुनी ११९७, नवी ९९९. आय२० ९९८. रेसर ११९९. फ्रॉन्क्स ९९८. सी३ ११९९. सगळ्या बाराशेच्या उंबरठ्याच्या आत थांबल्यात, कारण तिथे कर बसलाय. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की गाडी सरकारदरबारी 'लहान'. २००६ च्या अर्थसंकल्पात हे आलं आणि तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांची शेपटी आणि सिलिंडर दोन्ही या कात्रीने कापले गेले. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे ही कात्री आता आणखी धारदार झाली.

यादीत बंडखोर एकच, अबार्थ. लांबीत बसते, पण इंजिन १३६८ सीसी. २०१५ साली ९.९५ लाखांना आली तेव्हा लोकांनी हॅचबॅकला दहा लाख म्हणून नाकं मुरडली. १४५ घोडे, २१२ एनएम टॉर्क (म्हणजे खेच), शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत असा कंपनीचा दावा. त्या किमतीत तेव्हा तिच्या आसपास कोणी नव्हतं.

बाकीच्यांचे आकडे बघ. पोलो १.२ म्हणजे १०५ घोडे आणि १७५ एनएम, १.० म्हणजे ११० आणि १७५. आय२० एन लाइन १२० आणि १७२. रेसर १२० आणि १७०. फ्रॉन्क्स १०० आणि १४८ च्या आत. सी३ ११० आणि १९०, वर वजन एक टनाला जेमतेम ओलांडणारं. कागदावर सगळ्या चुलत बहिणी. फरक पडतो तो वजन, गिअरचं प्रमाण आणि शॉकअपच्या सेटिंगमध्ये, आणि हे काही ब्रोशरात छापून येत नाही. चालवून बघ.

दीडशे घोडेच हवे असतील तर अबार्थ घे. काही न करता पाचच कमी पडतील.

टेबललँडचा_वारा

नऊ लाखांत ऐसपैस एसयूव्ही येते. डबड्यांच्या मागे कशाला लागताय? आणि इलेक्ट्रिकला तर पहिल्या सेकंदापासून टॉर्क.

जुना_गिअर

इनो घ्या आणि वेगळा धागा काढा. इथे क्लच हवा असलेल्या माणसाने प्रश्न विचारलाय.

चाकणची_चाकं

पोलोबद्दल एक घोळ आधीच निस्तरू, नाहीतर ओएलएक्सवर महिना वाया जाईल. तुला क्लच हवाय आणि तू 'जीटी टीएसआय' शोधतोयस. २०१३ ची जीटी टीएसआय फक्त सात गिअरच्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) आली. २०२० मध्ये १.० लिटर तीन सिलिंडर इंजिन आलं, तेव्हाही जीटी बिल्ला ऑटोमॅटिकवरच लागला. तेच इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत हवं तर हायलाइन प्लस टीएसआय शोध, नाहीतर २०२१ च्या सुरुवातीला आलेली टर्बो एडिशन. ती तेव्हा ६.९९ लाख एक्स-शोरूम होती, कम्फर्टलाइनवर बेतलेली. ही मॅन्युअल टीएसआय बाजारात कमी आहे, कारण पोलो २०२२ मध्ये बंदच झाली. विकणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे, त्यामुळे भाव फार उतरत नाही.

जुन्या १.२ च्या मोहात कोणी पडलंच तर: तो डीएसजी म्हणजे डीक्यू२००, कोरड्या क्लचचा. त्याची टॉर्क झेपायची मर्यादा २५० एनएम. मॅप करताना ती भिंत लक्षात ठेवायची. शिवाय कोरडा क्लच रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तापतो, हे त्या गिअरबॉक्सबद्दल जगभर बोललं गेलंय. वाईच्या गणपती घाटावर बाजाराच्या दिवशी इंचाइंचाने पुढे सरकणं त्याला मानवत नाही.

आणखी एक. टीएसआयचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा भाग) कुठे आहे ते आधी बघ. काही टीएसआयमध्ये तो समोर जाळीमागे नसून इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो, पाण्याने थंड होणारा, वेगळ्या छोट्या रेडिएटरवर चालणारा. 'मोठा फ्रंट माउंट इंटरकूलर टाकून देतो' असं कोणी म्हणालं तर त्याला पाइप कुठून कुठे नेणार एवढंच विचार. चेहरा बघण्यासारखा होतो.

कर्वेरोडची_काकू

एन लाइन चालवते म्हणून लिहिते. (हो, काकूच. भाचेमंडळी अजून सावरलेली नाहीत.)

वाटाड्या, तुझ्या आठ लाखांत २०२१-२२ ची मिळेल, आणि त्यात गोची अशी की तेव्हा एन लाइनला खरा मॅन्युअल नव्हता. आयएमटी होता: गिअरचा दांडा तुम्ही हलवायचा, क्लचचं पेडल गायब. नाहीतर सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. तीन पेडलांचा सहा गिअर २०२३ च्या फेसलिफ्टला आला, आणि ती तुझ्या बजेटच्या वर जाते. आयएमटी शहरात छान, पण घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना पाय आपोआप क्लच शोधतो आणि सापडतो तो फूटरेस्ट.

तिच्या बाजूने बोलायचं तर चारही चाकांना डिस्क आहेत. पोलो, फ्रॉन्क्स, सी३, रेसर, सगळ्यांना मागे ड्रम. अबार्थला मात्र चार डिस्क. स्टिअरिंग साध्या आय२० पेक्षा वजनदार, मागचा एक्झॉस्ट थोडा घुमतो. एवढ्यावर खूश राहायचं, कारण नावात 'एन' असली तरी ही ती नव्हे.

स्टुटगार्टची_शेवंता

काकूंना अनुमोदन. इकडे युरोपात खरी आय२० एन आली ती १.६ टर्बो, २०४ घोडे, २७५ एनएम. तुमची एन लाइन आणि ती एकाच घरातल्या असल्या तरी एकीला वार्षिक परीक्षेला बसवलं आणि दुसरीला स्नेहसंमेलनात नाचवलं. इकडे 'स्वस्तातली गंमत' म्हणून लोक जुनी फोक्सवॅगन अप जीटीआय शोधतात. लिटरभराचं तीन सिलिंडर, ११५ घोडे, २०० एनएम. कुळ तेच, तुमच्या पोलो १.० टीएसआयचं. किंवा स्विफ्ट स्पोर्ट, १.४ टर्बो, १४० घोडे, वजन टनाच्याही आत. स्विफ्ट तुमच्याकडे इतकी खपते आणि हिची ती बहीण भारतात कधी आलीच नाही, याचं उत्तर जुना_गिअर यांनी वर दिलंय: १४०० सीसी.

मॅपबद्दल इकडची रीत सांगते. बदल करायला बंदी नाही. पण बहुतेक मोठ्या बदलांना, स्प्रिंग असो, चाक असो की ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) सॉफ्टवेअर, तपासणी अहवाल लागतो, टीयूव्हीसारख्या संस्थेचा इंजिनिअर गाडी बघून शिक्का मारतो आणि ते कागदपत्रांत चढतं. शिक्का नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच संपू शकतो. विमा कंपनीला घोडे कळवायचे, हप्ता वाढतो, विषय संपला.

कलम_बावन्न

शेवंताताईंनी विषय काढलाच आहे तर आपल्याकडचं कटू वाचून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर ज्या नोंदी आहेत त्या निर्मात्याच्या मूळ वैशिष्ट्यांपासून वेगळ्या पडतील असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यानुसार मालकाने परवानगीबाहेरचा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द दोनदा वाचा.

इकडे शिक्का मारून देणारा इंजिनिअर नाही. त्यामुळे मॅप केलेली गाडी ही कायद्याच्या नजरेत सरळ गाडी नाही, हे समजून उमजून काय ते ठरवा. दंडापेक्षा मला काळजी विम्याची वाटते. मोठा अपघात झाला, सर्व्हेअरला ईसीयू उघडून बघावासा वाटला, की न कळवलेल्या बदलाचं निमित्त क्लेम अडवायला पुरतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) काढून 'डाउनपाइप' बसवण्याबद्दल तर विचारूही नका. एप्रिल २०२३ पासूनच्या बीएस६ दुसऱ्या टप्प्यातल्या गाड्या चालता चालता उत्सर्जनावर नजर ठेवतात, दिवा लागतोच.

मिस्त्री_सांगली

कायदा ऱ्हाऊ द्या, आमच्याकडं काय येतंय ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाइक आलं. गाडीचं आन् मॅप मारनाऱ्याचं नाव घेत न्हाई. तक्रार काय, तर "मिसिंग मारतीया". कॉम्प्रेशन बगितलं, दोन सिलिंडर बरोबर, तिसरं निम्मं. हेड काढलं, पिस्टन भायेर घेतला. वरच्या आन् दुसऱ्या रिंगच्या मधली कड असती बगा, तिचा नखाएवडा तुकडा उडालेला. बाकी पिस्टन चकाचक, लायनरला ओरखडा न्हाई. असा तुकडा तेल कमी पडून उडत न्हाई. कमी आरपीएमला सगळा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दाबला आन् स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटलं की हातोडा बसल्यासारकं हुतंय. मालक म्हनला, "घाटात पाचव्यात टाकून पूर्न दाबायचो, लई वडायची." वडनारच की, चौदाशे आरपीएमला एवडा टॉर्क दिलाय त्या मॅपवाल्यानं!

जुनी टर्बो घेताना माजं सांगनं: इंजिन थंड असतानाच बगायला जावा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. धूर निळा हाय का बगा. टर्बोकडनं इंटरकूलरला जानारा रबरी पाइप एका बाजूनं सोडा, आत बोट फिरवा. हलकं तेल चालतंय, तेलाची धार आली तर टर्बोचं सील गेलंय. आन् आधी मॅप मारून परत वरिजनल केल्याली गाडी वळखायची कशी, तर क्लच बगायचा. चौथ्यात, चढाला, दोन हजारावर पूर्न दाबा. आरपीएम पळतंय आन् गाडी तिथंच, म्हंजे क्लच घसरतोय. पन्नास हजारात क्लच असा जात न्हाई, तवा इचारायचं.

अबार्थ झकास गाडी. स्टिअरिंग हायड्रॉलिक हाय, हाताला रस्ता कळतोय. इंजिन लोखंडी ब्लॉकचं, इंजेक्टर पोर्टात, म्हंजे व्हॉल्व्हवर काजळी साचायची कटकट न्हाई. पन फियाटनं हितनं गाशा गुंडाळलाय. टर्बोचं, क्लचचं सामान मागवून घ्यायला लागतंय, आठवडं जात्यात. दारात दुसरी गाडी आसंल तरच घ्या. शिवाय बुड खाली हाय, १५५ मिलिमीटर. तुमच्या गावातले स्पीडब्रेकर कसल्या मापाचे हैत?

वाईचा_वाटाड्या

स्पीडब्रेकर गावकऱ्यांच्या मर्जीच्या मापाचे. अबार्थ यादीतून जड मनाने खोडली, दारात दुसरी गाडी राहणार नाहीये.

मिस्त्री, तो 'स्पार्कच्या आधी पेटतं' प्रकार मॅप न केलेल्या गाडीत होतो का? आणि मॅपवाले नक्की काय बदलतात? मला अजून इच्छा आहेच.

नकाशेवाला

हा माझा प्रांत, म्हणून सविस्तर लिहितो. मी पोटापाण्यासाठी हेच करतो, तेव्हा माझं बोलणं थोडं मीठ लावून घ्या.

नव्या टर्बो गाडीत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता तेव्हा थ्रॉटल उघडा असा हुकूम जात नाही. ईसीयू आधी 'याला किती टॉर्क हवाय' ते ठरवतो, मग तेवढ्या टॉर्कला किती हवा, किती बूस्ट, किती पेट्रोल आणि ठिणगी किती आधी, याचा हिशेब लावतो. मध्ये अनेक ठिकाणी 'यापेक्षा जास्त नाही' अशा मर्यादा असतात. स्टेज १ म्हणजे कुठलाही भाग न बदलता त्या मर्यादा वर सरकवणं. कंपनीने त्या खाली ठेवल्या त्या हौसेने नव्हे. तीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरला ४५ अंशांत, भेसळीच्या पेट्रोलवर, पाच माणसं घेऊन चालायला हवी असते. ती राखीव जागा मी तुम्हाला वापरायला देतो. म्हणजे मॅपनंतर पेट्रोल आणि तेल निवडण्यातली ढिलाई तुम्हाला परवडत नाही.

दीडशे घोड्यांचं: १.० टीएसआयमधून मूळ टर्बोवर, आपल्या हवेत, रोज टिकेल असं म्हणाल तर १३० च्या आसपास. टॉर्क २०० च्या थोडा वर. त्यापलीकडचे आकडे डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर येतात. तो कागद बघताना घोडे चाकापाशी मोजलेत की क्रँकपाशी (इंजिनाशी) 'धरलेत' ते विचारा, आणि मॅपच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही रन एकाच दिवशी, एकाच यंत्रावर हवेत. सकाळी गार हवेत 'नंतरचा' आणि आदल्या दिवशी दुपारी 'आधीचा' असा उद्योग चालतो.

मिस्त्रींनी सांगितलं त्याला एलएसपीआय म्हणतात. छोट्या, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांना हा धोका मूळचाच आहे, मॅप असो वा नसो. सिलिंडरमध्ये गेलेले तेलाचे थेंब, काजळीचे कण वेळेआधी पेट घेतात. इंजिन तेलांचा एपीआय एसपी दर्जा २०२० मध्ये आला, त्यात याचाही विचार आहे. त्यामुळे डब्यावर एसपी बघा, आणि गाडी कंपनीने स्वतःचा कोड दिला असेल तर तोही. चालवताना नियम सोपा: दोन हजारांच्या खाली पूर्ण दाबायचं नाही, गिअर उतरवायचा. शहाणा मॅपवाला खालच्या आरपीएमला टॉर्क मुद्दाम कमी ठेवतो. 'लई वडते' म्हणणारी गिऱ्हाइकं त्यावर नाराज होतात, होऊ द्या.

पेट्रोलचं म्हणाल तर ई२० वर सरसकट शिव्या पडतात. मायलेज घटतं हे खरं, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी. पण ठोका मारण्याला विरोध करण्यात इथेनॉल उजवं आहे, आणि बाष्प होताना सिलिंडरातली हवा गार करतं. टर्बोला हे दोन्ही आवडतं. जपायचं ते जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सीलना. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर नळ्या दरवर्षी नजरेखालून घाला. एक्सपी९५ किंवा तत्सम जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मॅपनंतर चालू ठेवा, पण तेवढ्याच रकमेचा फायदा मॅप न केलेल्या गाडीत दिसेल अशी आशा धरू नका.

मॅप करायचाच तर तीन गोष्टी मागून घ्या: मूळ फाइलची प्रत, तिसऱ्या गिअरमधल्या पूर्ण खेचेचा लॉग (ईसीयूतली नोंद), आणि त्या लॉगमध्ये नॉकमुळे (ठोक्यामुळे) ठिणगी किती मागे सरकली ते आणि इनटेक हवेचं तापमान. लॉग दाखवायला का-कू करणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. आणि टॉर्क वाढवणारी ती डबी, सेन्सरला खोटा दाब सांगून ईसीयूला फसवणारी, ती घेऊच नका.

कर्वेरोडची_काकू

वाचनखूण साठवली. धंदेवाईक माणसाने स्वतःच्या धंद्याविरुद्ध एवढं लिहिलेलं पहिल्यांदा बघतेय.

जुना_गिअर

नकाशेवाल्यांना माझ्याकडून चहा. आता मूळ प्रश्नातल्या एक लाखाकडे येतो, कारण धागा घोड्यांतच अडकलाय.

वाटाड्या, तू टर्बो घेतोयस तो घाट चढण्यासाठी. तिथे मॅपशिवायच तुझं काम होणार आहे. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. तुझी स्विफ्ट वर पोचेस्तोवर दमते ती त्यामुळे. टर्बो विरळ हवा दाबून भरतो, घट जाणवण्याइतकी राहत नाही. म्हणजे पाचगणीत तुझी ११० घोड्यांची गाडी आणि स्विफ्ट यांच्यातलं अंतर वाईतल्यापेक्षा आपोआप वाढलेलं असेल.

पण चढलेला माणूस उतरतोही. लिटरभराच्या इंजिनाचा एंजिन-ब्रेक तुझ्या १.२ पेक्षा दुबळा. पसरणी उतरताना जिथे स्विफ्ट तिसऱ्यात थोपते, तिथे ही निसटेल आणि तू पेडलवर जाशील. पुढच्या पर्यटकाच्या मागे, नागेवाडीच्या उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागे, पुन्हा पेडलवर. वाढीव वेगाचं बिल ब्रेक भरतात. म्हणून पहिले पैसे तिकडे. ब्रेक ऑइल कधी बदललं हे जुन्या मालकाला विचारलं तर तो बहुधा आकाशाकडे बघेल. ते तेल हवेतली ओल पितं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल पिऊन बसलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात उकळलं की नळीत वाफ, पेडल खालपर्यंत. गाडी ताब्यात आली की त्याच आठवड्यात सगळं काढून ताजं डॉट ४ किंवा ५.१ भर. ५.१ आणि ५ यांत गल्लत करू नकोस, ५ सिलिकॉनचं असतं, ते आपल्या प्रणालीत चालत नाही. सोबत पुढे चांगले पॅड. मोठ्या डिस्क, लाल रंगवलेले कॅलिपर, यातलं काहीही नको.

दुसरे पैसे टायर. जुन्या गाडीवर दोन कंपन्यांचे तीन वयांचे टायर सापडतात. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं उलटून गेली असतील तर नक्षी कितीही खोल असो, रबर कडक झालेलं असतं, विशेषतः पहिल्या पावसात कळतं. चारही एकसारखे घे.

तिसरं सस्पेन्शन, आणि इथे बहुतेक जण स्प्रिंग कापून गाडी बसवायच्या मागे लागतात. आपल्या रस्त्यांवर गाडी खाली घेतली की शॉकअप बंपस्टॉपवर आदळतो आणि वळणात ऐन वेळी चाक उडी मारतं. दिसायला झकास, चालवायला हलाखी. उंची मूळचीच ठेव, शॉकअप थकले असतील तर चांगल्या प्रतीचे टाक, पुढच्या आर्मचे बुश बदल, अलाइनमेंट छापील कागदासकट करून घे. यातच जुनी गाडी नव्यासारखी वळते. एवढं करून लाखातले निम्मे उरतील. मग सहा महिने चालव. त्यानंतरही मॅप हवासा वाटला तर नकाशेवाले इथेच आहेत.

नकाशेवाला

+१. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहांना मी आधी टायर बदलून या म्हणतो. निम्मे परत येत नाहीत. धंदा बुडवतोय मी स्वतःचा.

वाईचा_वाटाड्या

मंडळी, अपडेट. तीन गाड्या चालवल्या.

फ्रॉन्क्स टर्बो हलकी, गुळगुळीत, मायलेजही देईल. पण गंमत दोन हजार आरपीएमला सुरू होते आणि साडेचार हजारांना आटोपते. रोजच्या वापराला पैकीच्या पैकी, पण मला शनिवार हवाय.

सी३ टर्बोने धक्का दिला. टॉर्क खरंच जाणवतो, गाडी हलकी असल्याचं पहिल्या चढालाच कळतं. खड्डे तर गिळूनच टाकते. पण वळणात कलते, सीटची कड धरायला काही नाही. आतलं प्लॅस्टिक... जाऊ दे. मित्राची शिफारस अगदीच वाया नव्हती.

पोलो टर्बो एडिशन, २०२१, पुण्यातली, एकच मालक. गिअर टाकताना आवाज न करता बसतो. तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला कळते, हलली की विसरायला होतं. दारावरच्या स्टिकरवर १८५/६० आर१५ लिहिलंय, टायर मूळचेच, बदलावे लागणार. मालक पावणेआठ म्हणतोय. ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) नाहीये, ते मनाला लागलंय. मिस्त्री, तुम्ही सांगितलेली क्लचची चाचणी कात्रज घाटात केली, घसरला नाही.

रेसर बघायचीच राहिली, जवळपास विकाऊ सापडली नाही.

पोलो घ्यायच्या बेतात आहे. दुकानदार १९५/५५ आर१६ अलॉयसकट गळ्यात मारतोय, म्हणतो "पोलोलाच येतात, बसतात." घेऊ का?

चाकणची_चाकं

बसतात खरं, वरच्या व्हेरिएंटला तेच माप येतं. पण हिशेब कर. १८५/६० आर१५ चा बाहेरचा व्यास ६०३ मिलिमीटर. १९५/५५ आर१६ चा ६२१, म्हणजे तीन टक्के मोठा. गिअर लांबल्यासारखा वाटेल, काटा शंभर दाखवेल तेव्हा खरा वेग आत्तापेक्षा जास्त असेल. अलॉयचं वजन वेगळंच, आणि खड्ड्यात रिम वाचवायला रबर कमी.

रिम तेच ठेवून १९५/६० आर१५ घेतलास तर ६१५, दोन टक्क्यांचा फरक, बूड सहा मिलिमीटर उचललं जाईल. गावकऱ्यांच्या स्पीडब्रेकरला तेवढंच बरं.

कलम_बावन्न

आणि स्टिकरवरचं १८५/६० च घेतलंत तर माझ्याही तोंडाला कुलूप.

मिस्त्री_सांगली

पावनेआठ जास्त हैत. मागचे टायर, ब्रेक ऑइल, दोन्ही शॉकअप दाखवून साडेसातला आना. टोकन द्यायच्या आधी गाडी लिफ्टवर चढवा, मागचा बीम आन् पुढचा सबफ्रेम बगा, ठोकल्याली गाडी तितंच सापडती. आर्मच्या बोल्टवर पान्याचे ताजे वरखडे असतील तर का खोललं ते इचारा.

वाईचा_वाटाड्या

रविवारी लिफ्टवर चढवतोय, साताऱ्यातच. मालक गाडी घेऊन यायला तयार आहे, फक्त पेट्रोलचे पैसे मागतोय.

मिस्त्री_सांगली

द्या की. खंबाटकी चढून यील, गरम इंजिनबी बगून व्हईल. थंड मातूर दुसऱ्या दिवशी सकाळी बगा.